शनिवारभर चालू राहिलेला टीव्ही

मी चौलच्या मलकाबाई झिराडकरांच्या माजघरातला टीव्ही बोलतोय. आजवर जे बोललो ते सगळं दुसऱ्यांचं होतं. आज सांगतोय ते माझं आहे, आणि ते सांगताना मान वर होत नाही.

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. आठवतं ते अलिबागचं दुकान. तिथे वर्षभर मी गिऱ्हाइकांना निळ्या पाण्यातले रंगीत मासे दाखवत उभा होतो. तिथल्या कोळणी दारात थांबून म्हणायच्या, "खायचा एक बी न्हाय यातला." मग एके दिवशी रूबेन आला आणि मला टेम्पोत घालून आजीकडे घेऊन गेला.

रूबेन हा मलकाबाईंचा नातू. आईवडील इस्रायलला गेले, हा ठाण्याला नोकरी धरून मागे राहिला. तो आपल्यासाठी राहिला असं मलकाबाई समजत. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं वईच्या कुंपणापलीकडच्या सुपारीच्या वाडीत राहत होतं. तिचं नाव मृणाल. अलिबागच्या कॉलेजातून नुकतीच पदवी घेतलेली, जिभेला धार असलेली, आणि कुणी "थांब जरा" म्हटलं की पेटणारी.

गावातल्या सगळ्या टीव्हींत मी एकटा असा, ज्याला हक्काची सुट्टी होती. शुक्रवारी दिवेलागणीपासून शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत त्या यहुदी घरात शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. बटण दाबायचं नाही, गॅस पेटवायचा नाही. मलकाबाईंचे पूर्वज घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी बैल सोडून द्यायचे. घाणा कधीच मोडला, शनिवार राहिला.

पण उन्हाळ्यात पंखा तर लागतोच. तो दुसऱ्याला लाव म्हणणंही त्यांच्या घरात चालत नसे. मलकाबाई नुसतं म्हणायच्या, "आज वारा अगदी पडलाय." की पाच वर्षांची मृणाल स्टुलावर चढून बटण दाबायची. "अंधारून आलं गं," म्हटलं की दिवा. "घसा सुकला," म्हटलं की चहाचं आधण. मी त्या घरात आलो तेव्हा मृणाल मोठी झाली होती, तरी हे तसंच चालू होतं. इतक्या वर्षांत मलकाबाईंनी तिला एकदाही "कर" म्हटलं नव्हतं आणि तिने एकदाही "काय करू?" असं विचारलं नव्हतं.

मग गेल्या पावसाळ्यानंतर रूबेनने आजीला सांगितलं, "मला मृणालशी लग्न करायचंय." माझ्यावर बातम्या चालू होत्या. मलकाबाईंनी आवाज बंद केला. मग म्हणाल्या, "माझे डोळे मिटेपर्यंत थांबा."

दुसऱ्या दिवशी मृणाल तणतणत आली. "म्हणजे आम्ही तुमच्या मरणाची वाट बघायची का आजी? हे बरं वाटतं तुम्हाला?"

"वाट बघणं तुला कधी जमलंय?" मलकाबाई तांदूळ निवडत म्हणाल्या. "कैरीसुद्धा पाडाला येऊ दिली नाहीस कधी."

मृणाल पाय आपटत गेली. खरं सांगतो, मी मनातून तिच्याच बाजूचा होतो. म्हाताऱ्या माणसांनी दार अडवून का बसावं, असं मलाही वाटायचं.

त्याच दिवसांत सगळ्यांच्या फोनवर एक परदेशी मालिका गाजत होती. सहा भागांची, हिंदीत केलेली. बेकरी चालवणारा यहुदी मुलगा आणि समोर नाचाचा वर्ग काढणारी ख्रिस्ती मुलगी. आधी भांडणं, मग गंमत, मग प्रेम. मुलाची आई दाराला कान लावणारी, ऊठसूट चक्कर येऊन पडणारी. शेवटी ती विरघळते आणि लग्नात सगळ्यांत जास्त नाचते. मृणालने ती दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा रडली. तिची मैत्रीण रुचिका तर म्हणाली, "अगं, ही तुमचीच गोष्ट! फक्त सुपाऱ्या नाहीत."

आणि मृणालच्या डोक्यात किडा वळवळला. आजीने ही मालिका एकदा पाहिली तर? पण आजीला सांगून काय उपयोग? ती पहिल्या चुंबनालाच मला बंद करणार.

एका शुक्रवारी दुपारी ती आली. मलकाबाई आंघोळीला गेल्या होत्या. मृणालने माझ्या पाठीत पेनड्राइव्ह खोचला आणि संध्याकाळी सातला मी आपोआप सुरू होईन असं लावून ठेवलं. मग तिथेच उभं राहून रुचिकाला फोन केला.

"बाई, ती आजी आहे की प्रयोगशाळेतला उंदीर?" रुचिका पलीकडून म्हणाली.

"बटण आजीने दाबायचं नाही ना? मग ती दाबणारच नाही. नियम कुठे मोडला?"

"मृणाल, हे बरं नव्हे हं."

"अडीच तासांचा प्रश्न आहे. आपोआप संपेल."

साडेसहाला मलकाबाईंनी दिवे लावले, दोन्ही हातांनी डोळे झाकून प्रार्थना म्हटली. घर शांत झालं. सातच्या ठोक्याला मी ओरडलो.

त्या इतक्या दचकल्या की हातातला पेला सांडला. रिमोटकडे गेलेला हात त्यांनी अर्ध्यावर थांबवला आणि पदरात घेतला. मग माझ्याकडे पाठ करून बसल्या. अडीच तासांनी सहावा भाग संपला आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू झालो. पेनड्राइव्ह फिरून फिरून चालतो, हे मृणालच्या लक्षातच आलं नव्हतं. मलकाबाईंची खाट त्याच खोलीत. एरवी दिवसातून दोनदा जाणारी वीज त्या दिवशी काही गेली नाही.

सकाळी त्यांनी माझ्यावर चादर टाकली. चादरीखालून मी बोलतच राहिलो. तासाभराने चादरीचा कोपरा उचलला गेला. त्या बघत होत्या! नायकाने ओव्हनमधून पाव काढला तेव्हा पुटपुटल्या, "मेल्या, शब्बाथचा पाव असा कोरडा करतात?" मला आनंद झाला. त्या आनंदाची आज सगळ्यांत जास्त लाज वाटते.

अकराच्या सुमारास मृणाल आली. मी अजून चालू आहे हे पाहून तिचा चेहरा उतरला. पण चादर बाजूला झालेली दिसली, आजी बघतेय हे तिने ताडलं, आणि डोळ्यांत काहीतरी चमकलं.

"रात्रभर डोकं ठणकतंय गं," मलकाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल होते.

"बाम आणू?"

"बामाने जायचं नाही. घरात फार बोलणं चाललंय."

मृणालने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. इतकी वर्षं जी पोर नुसत्या उसाशाने उठायची, ती म्हणाली, "असू दे की आजी, तेवढीच सोबत." आणि चपला घालून निघून गेली.

दुपारी थळची बायजा कोळीण रिकामी टोपली घेऊन पाण्याला थांबली आणि उंबऱ्यावरच बसली. "मलकाबाय, यो पोर आयशीला इतका का घाबरतंय?"

"बायजा, आवाज फार मोठा नाही वाटत?"

"न्हाय गो! मना बरा आयकू येतंय." ती पोट धरून हसली. "आमच्या पोरांसारखाच हाय भित्रा. ती म्हातारी बघ, परत चक्कर येऊन परली! कामधंदा न्हाय काय तिला?"

मलकाबाई हसल्या नाहीत. "सहा भाग झाले बायजा," त्या म्हणाल्या, "पण तिला एकदाही कुणी समोर बसून विचारलं नाही, बाई, तुला भीती कसली वाटते?"

"तुला कसली वाटते?" बायजाने सहज विचारलं.

"माझ्यामागे शुक्रवारी या घरात दिवा लागेल का, याची."

बायजाला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिने टोपली उचलली. संध्याकाळी तीन चांदण्या दिसल्यावर मलकाबाईंनी स्वतः उठून मला बंद केलं.

पुढच्या शनिवारी मृणाल आली. मलकाबाई घामाने निथळत होत्या, पण वाऱ्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. मृणालने स्वतःहून पंखा लावला. "कशाला उगाच," त्या एवढंच म्हणाल्या. त्याच्या पुढच्या शनिवारीही तसंच. चहाबद्दल नाही, दिव्याबद्दल नाही. मृणाल संध्याकाळपर्यंत बसून राहिली, काहीतरी ऐकू यावं म्हणून.

सोमवारी सकाळी ती पुन्हा आली आणि खाटेच्या पायाशी बसली. "आजी, तो टीव्ही मी लावून ठेवला होता."

"माहीत आहे. इकडे दुसरं कोण असले उद्योग करतं?"

"संपेल आपोआप असं वाटलं होतं."

"ते चुकलं असेल. त्याचं काही नाही. पण शनिवारी माझं म्हणणं तुला कळलं होतं, मृणाल."

मृणालने मान खाली घातली. तिला खूप काही बोलता येतं. कॉलेजात वादविवादाच्या ढाली मिळवल्यात तिने. त्या वेळी तिच्या तोंडून फक्त "हो" निघालं.

"रूबेनला कळव, रविवारी ये म्हणावं. मलिदा करू," मलकाबाई म्हणाल्या. गोड पोहे, नारळ आणि फळांचं ताट मांडून प्रार्थना करतात ती. शुभकार्य ठरलं की त्यांच्यात करतात. "तुझ्या आईबाबांकडे मी स्वतः जाईन."

"आजी! खरंच?"

"खरंच. त्या मालिकेतल्या आईसारखं मला दार अडवून बसायचं नाही. पण तू नीट विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं की नाही, ते आता कुणालाच कळायचं नाही. मलासुद्धा नाही."

मृणाल रडू लागली. मलकाबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "फक्त शनिवारी येऊ नकोस. मी बायजाला सांगितलंय."

"पण आजी, तिला तुमचं बोलणं कळत नाही!"

"न कळलेलं चालतं मला," मलकाबाई म्हणाल्या.

लग्न माघात आहे. मृणाल रोज येते, शनिवार सोडून. शनिवारी ती वईपलीकडे सुपाऱ्या वेचते आणि इकडे कान लावून असते. इकडे मलकाबाई म्हणतात, "वारा पडलाय," आणि बायजा म्हणते, "परू दे, सांजचा येल." मी भिंतीशी मुका उभा असतो. शुक्रवारी दुपारी माझी वायर काढून ठेवतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना तुम्हाला आवडलेली गोष्ट जरूर दाखवा. मी आनंदाने दाखवीन. पण त्यांच्या शेजारी बसा, आणि त्या "पुरे" म्हणाल्या की मला बंद करा. मला स्वतःहून गप्प बसता येत नाही. तुम्हाला येतं.