दुसऱ्या घरातलं गाऱ्हाणं

हर्षद साकीनाक्याहून परत आला तो चपला न काढताच सोफ्यावर बसला. खिशातून काळी हार्ड डिस्क काढून त्याने टीपॉयवर ठेवली. द्रौपदीने मुलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. पोराचं तोंड वाचायला शाळा लागत नाही.

"गेली, आई. दुरुस्तीवाल्याने हात जोडले. आतली चकतीच घासलीय म्हणतो."

"म्हणजे तुझे बाबा?"

"बाबा पण."

स्वयंपाकघरात सुनेचा, दीप्तीचा, नारळ खवण्याचा आवाज थांबला. उद्या गणपती. आरती झाली की घरातल्या कर्त्या पुरुषाने देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घालायचं, सगळ्या कुळासाठी मागणं मागायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं, ही मालवणकडची रीत. गिरणी बंद पडली तरी द्रौपदीच्या नवऱ्याचा, सीतारामचा, आवाज बंद पडला नव्हता. तो गाऱ्हाणं घालायला लागला की नाहूरच्या ह्या इमारतीत वरच्या मजल्यावरचे गुजराती पण हात जोडून दारात उभे राहायचे. तो गेल्यावर प्रश्न आला. हर्षदच्या जिभेला मालवणी वळत नाही, आणि बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. मग हर्षदने बापाच्या हयातीत रेकॉर्ड करून ठेवलं होतं तेच दरवर्षी देवापुढे लावायचं ठरलं. ते ह्या डिस्कमध्ये होतं. फक्त ह्या डिस्कमध्ये.

"दुसरीकडे कॉपी ठेवू, म्हणून मी घसा फोडला होता," हर्षद म्हणाला.

कॉपी द्रौपदीनेच ठेवू दिली नव्हती. त्याचं कारण मुलुंडला राहत होतं. धाकटी जाऊ पद्मजा. तिने आणि तिच्या नवऱ्याने गणपती वेगळा केला, आणि सीताराम गेल्यावर पहिल्याच वर्षी फोन करून म्हणाली, "वैनी, भावजींचं गाऱ्हाणं पाठवा ना, आमच्याकडे पण लावू." द्रौपदीने तेव्हा सुनावलं होतं, "गणपती वेगळा मांडलात ना? मग गाऱ्हाणं घालणारा पण वेगळा बघा." आणि घरात हुकूम सुटला, फोनात घ्यायचं नाही, इंटरनेटवर चढवायचं नाही. एकदा फोनात गेलं की मुलुंडला जायला कितीसा वेळ!

हर्षदने लॅपटॉप उघडला. महिनाभर त्याचं हेच चाललं होतं. कुठला डबा चांगला, कुठला राउटर टिकतो, कोण काय म्हणतो त्याचे व्हिडिओ.

"हे बघ. ह्याच्यात दोन डिस्क. राउटरला लावून ठेवायचा. एक मेली तरी दुसरी जिवंत. आणि पाच वर्षांची वॉरंटी."

"मेली तर ते काय देतात?"

"नवी देतात."

"आणि आतलं?"

हर्षदने स्क्रीन खाली सरकवली.

"रिकामी डबी देतील. माझ्या काय कामाची? मशीन घेतोस की सोयरीक जुळवतोस रे? महिनाभर नुसते फोटो बघतोयस, आणि नवरी गेली पळून!"

नात प्रांजल मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आजी, दोन डिस्क असल्या तरी घरात आग लागली, पाणी शिरलं, तर दोन्ही जातात. एक कॉपी दुसऱ्या घरात पाहिजे."

दुसऱ्या घरात. ते घर कुठलं, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. शेवटी दीप्तीच हात पुसत बाहेर आली. "आई, काकूंनी एका वर्षी आपल्याकडे रेकॉर्ड करायला फोन धरला होता. बाबांचं गाऱ्हाणं चालू असताना. तुम्ही ओरडलात त्यांच्यावर."

द्रौपदी खुर्चीत मागे टेकली. तिला एकाएकी फार दमल्यासारखं झालं. माळ्यावर मेलेले राउटर, गुंतलेल्या वायरी, कुणाला आठवत नाहीत असे पासवर्ड. आणि त्यात एका आवाजाची राखण. राखण करून करून माणूस झिजतं, आणि जिची राखण केली ती वस्तू तरीही जातेच.

"लाव फोन," ती म्हणाली.

पद्मजाने आवाज ओळखला. "वैनी? अगो बाय! नाहूरला रेंज आली वाटतं!"

"टोमणे उद्या मार गो. ह्यांचं गाऱ्हाणं तुझ्याकडे आहे काय?"

"आहे. गोंगाटातलं, म्हणून तर तुमचं मागितलं होतं."

"मग लावत असशील दरवर्षी."

"नाही हो. तुम्ही नको म्हणालात ना. आमचे हे कागदावर बघून म्हणतात."

"मग ठेवलंस कशाला?"

"काय माहीत. फोन बदलला की दुकानवाल्याला पहिलं तेवढं नव्यात घालायला सांगते. पाठवू?"

द्रौपदीने टीपॉयवरच्या मेलेल्या डिस्ककडे पाहिलं. "पाठव," ती म्हणाली.

प्रांजलने आवाज मोठा केला. झांजा, कुणाचं तरी पोर रडतंय, आणि मग तो खर्जातला आवाज: "बा देवा म्हाराजा, आज ही सगळी तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत. माझ्या हर्षदाक बरी नोकरी गावांदे..."

"एवढी वर्षं आपण देवाकडे माझी नोकरी मागतोय?" हर्षद हसला. त्याची दुसरी नोकरी पण सुटून तिसरी लागली होती.

"गप, ऐक."

सीताराम अडखळला. आणि लगेच मागून एका बाईचा धारदार आवाज कुजबुजला, "इडापिडा म्हणा, इडापिडा!" सीताराम म्हणाला, "जी काय इडापिडा आसात..." थोड्या वेळाने पुन्हा अडला. पुन्हा तोच आवाज. "चुकलामाकला पदरात घे, म्हणा!" मग जोरात, "पद्मे, तो फोन खाली ठेव!"

प्रांजल हसून लोळायची बाकी राहिली. द्रौपदी मात्र फोनकडे बघत राहिली. "आपल्यात हे नव्हतं."

"मी कापलं होतं," हर्षद ओशाळून म्हणाला. "तुझा आवाज मध्ये मध्ये येत होता. साफ केलं."

"साफ केलंस! मला मेलीला वाटायला लागलं होतं, हे न अडखळता म्हणायचे."

तिने पदराने डोळे टिपले. रागावलीय की रडतेय, विचारायची कुणाची छाती झाली नाही.

"उद्या हेच लावू ना?" हर्षदने हळूच विचारलं.

"नको. देवाला पण कंटाळा आला असेल तुझ्या नोकरीचा. मी घालते."

"पण बायका गाऱ्हाणं घालत नाहीत ना, आई?" दीप्ती म्हणाली.

"घालत नाहीत. मागून सांगतात. कोण सांगत होतं, ऐकलंस ना?" ती खुर्चीच्या हाताला धरून उठली. "पद्मजाला कळव, उद्या सकाळी तुमची आरती उरकली की ये म्हणावं. मी अडखळले तर मागे कुणी नको? आणि फोन धरू दे तिला."

"आणि तो दोन डिस्कचा डबा?"

"घे तुला हवा तो. तुझी हौस. पण एक मुलुंडला असू दे." आतल्या खोलीत पडायला जाता जाता ती दारात थांबली. "आणि मोदकांचं सारण आणू नको म्हणावं. गूळ फार घालते."