पीळ सुटण्याआधी

त्या दिवशी दवाखान्यात सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. क्लॅरिनेट वाजवणारे काका खुर्चीत आडवे होते. त्यांच्या पुढच्या दाताचं फार पूर्वी केलेलं रूट कॅनॉल पुन्हा ठणकू लागलं होतं.

"डॉक्टरबाई, आतलं काय हवं ते काढा, पण दात ठेवा. वाद्य त्यावरच टेकतं. तो गेला, तर मी नुसत्या टाळ्या वाजवीन."

मित्रांनो, दाताच्या मुळात भरलेला जुना मसाला काढणारी मी एक जुनी फाइल आहे. कागद ठेवायची नव्हे. सुईएवढी, अंगभर पीळ असलेली. यंत्रावर मी गरगर फिरते, तेव्हा तो रबरासारखा गुलाबी मसाला मऊ होतो आणि माझ्या पिळांत अडकून बाहेर येतो. दात वाचला, तर माझं नाव कुणी घेत नाही. आत मोडले, तर मात्र सगळ्यांना मीच आठवते.

डॉक्टरबाईंच्या हातात मी निर्धास्त असे. त्या मला कधी रेटत नसत. दर खेपेला बाहेर काढून पुसत आणि उजेडात धरून पीळ निरखत. शेजारी त्यांची मुलगी उभी असे. तीही डॉक्टरच, या निरखण्याला ती वैतागे.

त्या दिवशी माझा एक पीळ किंचित सैल दिसला.

"दमली ही."

"अगं आई, थोडंच राहिलंय. चालली असती अजून."

"चालते आहे तोवरच थांबवायची असते."

उरलेलं काम पुढच्या खेपेला नव्या फाइलने करायचं ठरलं. मला स्वच्छ करून खिडकीतल्या बरणीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई घरीच चक्कर येऊन पडल्या, आणि गेल्या.

बरणीवर धूळ बसली. मग एक दिवस काका आले.

"बाळ, जमेल तेव्हा कर. मला घाई नाही."

"बसा काका. आजच करू."

मुलीने नवी फाइल लावली. रेटली नाही. बाहेर काढली, पुसली, उजेडात धरली, पुन्हा आत. शेवटी फाइल कोरी बाहेर आली, पिळांत मसाल्याचा कणही नव्हता. काकांचा दात राहिला.

मित्रांनो, मी आज अखंड आहे, ती कुणीतरी मला वेळेवर निरखलं म्हणून. तुमच्यासाठी राबणाऱ्या वस्तूंना आणि माणसांनाही अधूनमधून असंच उजेडात बघत जा.

काका गेल्यावर तिने बरणी पुसली आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहत मोठ्याने म्हणाली,

"आई, माझ्या हातून आजवर एकही फाइल मोडली नाही. तुझ्यामुळे गं."