मावशीला दुखत नाही

आमच्या ऑफिसात दुखणं ही चोरून करायची गोष्ट होती. मशीनला वाचता न आलेले पार्सलांवरचे पत्ते आमच्या स्क्रीनवर येतात आणि आम्ही ते बघून टाइप करतो. एक संपला की दुसरा. मान पुढे, खांदे कानांपर्यंत चढलेले, मनगटं टेबलाच्या कडेवर. दुपारनंतर कोणीतरी हात झटकत पाणी प्यायला उठायचं, आणि तहान कुणालाच लागलेली नसायची.

मावशी मात्र उठायची नाही. मला या नोकरीत तिनेच चिकटवलं आणि आईने मला तिच्याच घरी ठेवलं, त्यामुळे दोन्हीकडे मी तिच्या डोळ्यांसमोर. साहेब तिला 'पोलाद' म्हणायचे. त्यांनी तसं म्हटलं की ती लाजायची, आणि त्या दिवशी मला बोलणी कमी बसायची.

माझा उजवा हात वर्षाच्या आत कुरकुरायला लागला. अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या, आणि पहाटे मनगटातून अशी कळ निघायची की उठून बसावं लागे. मावशीला सांगितलं तर म्हणाली, "सुरुवातीला सगळ्यांचंच होतं. मलाही व्हायचं. मग हात सरावतो. मला बघ."

बघत होतेच. हल्ली तिच्या हातून कप फुटायचे, बटणं ती मला लावायला सांगायची. पण ते सगळं आम्ही वयावर ढकललं होतं.

मग बातमी आली की कंपनी डॉक्टर आणून सगळ्यांचे हात तपासणार. दुखणाऱ्यांना काढून टाकणार, असं कुणीतरी पुढे जोडलं. मी अजून कायम झाले नव्हते. मावशीने मला जेवणाच्या टेबलाशी बसवून शिकवणी सुरू केली. दोन्ही पंजे उलटे जोडून मनगटं वाकवून धरायला लावायची, मनगटावर टिचक्या मारायची. "चेहरा हलवू नकोस. दुसरीकडे बघ, कंटाळल्यासारखं." माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. "रडूबाई, स्वतःच्याच पोटावर पाय आणशील." ते तिचं प्रेमच होतं, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि तरी तिचा राग यायचा.

तपासणीला ती माझ्या पुढे उभी होती. डॉक्टरबाईंनी तिची मनगटं वाकवून धरली, टिचक्या मारल्या. मावशी हसत होती. मग त्या म्हणाल्या, "डोळे मिटा. कापूस लागला की सांगा." कापूस तिच्या तर्जनीवरून फिरला, मधल्या बोटावरून फिरला, अंगठ्यावर येऊन थांबला.

"लावा की," मावशी म्हणाली. "मी केव्हाची तयार आहे."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. डॉक्टरबाईंनी तिचा तळहात उलटा करून अंगठ्याखाली दाबून बघितलं. जिथे मांस भरलेलं असायला हवं तिथे खळगा होता.

"दुखायचं कधी थांबलं?"

"झाली की बरीच वर्षं," मावशी तोऱ्यात म्हणाली.

"त्याच्या आधीच यायला हवं होतंत. आत नस दबून दबून मेली आहे. म्हणून दुखत नाही."

माझी पाळी आली तेव्हा शिकवलेलं सगळं विसरले. मनगट वाकवताच मी कळवळले. मावशीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी भर चौकात तिची अब्रू काढली.

बातमी उलटी निघाली. ज्यांना दुखत होतं त्यांना मनगटाचा पट्टा, उपचार आणि मधेमधे विश्रांती मिळाली. मी कायमही झाले. ज्या हातात काही उरलेलंच नाही त्याच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही, असं वर ठरलं. तसा हात एकट्या मावशीचाच होता. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, आणि तेव्हा मात्र 'पोलाद' म्हणाले नाहीत. जन्मात कधी तक्रार न केलेली बाई घरी आणि रडूबाई कामावर. हा न्याय ज्याने केला त्याने आयुष्यात एक पत्ता टाइप केला नसेल.

मावशी माझ्याशी बोलेना. मग एक दिवस कळलं की तिने साहेबांच्या हातापाया पडून फेरतपासणी मिळवली आहे. रविवारी सकाळी तिने मला हाक मारून समोर बसवलं.

"तुला कसं दुखतं गं? नीट सांग."

"मावशी, नको ना."

"दुखणाऱ्यांना ठेवतात ना? मग मलाही दुखेल. हात कधी मागे घ्यायचा, किती ओरडायचं, तेवढं शिकव."

तिला गदागदा हलवावंसं वाटलं, मिठी मारावीशीही वाटली. दोन्ही केलं नाही. कळ कुठून निघते, मुंग्या कुठपर्यंत जातात, सगळं सांगितलं. ती परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी ऐकत होती. मध्येच म्हणाली, "हो हो, अस्संच व्हायचं," आणि तिचा चेहरा क्षणभर उजळला. मग मी टिचकी मारायची आणि तिने हात ओढायचा. छान जमत होतं. पण ती माझ्या बोटांकडे बघत होती.

"डॉक्टर डोळे मिटायला लावतील," मी म्हटलं.

तिने डोळे घट्ट मिटून हात पुढे धरला. मला भरून आलं, मी ओढणीने डोळे पुसायला लागले.

"आई गं," मावशी कळवळून म्हणाली आणि तिने हात झटकन मागे घेतला. "जमलं ना?"

मी तिला अजून हातही लावला नव्हता.