कनीजभाभींची चाल

माझ्यावर चढण्यापूर्वी माणसे चपला काढतात, खिशातला मोबाईल बाहेर ठेवतात आणि काहीजण तर श्वासही रोखून धरतात. मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. रत्नागिरीहून आरे-वारेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव लागते. तिथल्या दवाखान्यात मी राहतो.

मी लोखंडाचा. खाली उभे राहायला पाट, वर आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारे वजन. डॉक्टर मनस्वींच्या वडिलांनी मला मुंबईहून इथे आणले. पुढे बॅटरीवर चालणारा काचेचा काटा आला आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. लोक माझ्या दांडीला ओल्या छत्र्या अडकवू लागले. पण इथल्या खाऱ्या हवेपुढे त्या काचेच्या काट्याचे काही चालले नाही. वडिलांनंतर दवाखाना सांभाळणाऱ्या मनस्वींनी मला तपासून घेतले, रंग दिला आणि परत जागेवर उभे केले.

त्याच सुमारास कनीजभाभी दवाखान्यात आल्या. आल्या म्हणजे त्यांना आणले. त्यांची मुलगी हुदा आणि रिक्षावाला दोन्ही बाजूंनी धरून आत घेऊन आले. भाभी घामाने भिजल्या होत्या, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. डॉक्टरांनी बोट टोचून साखर पाहिली. ती फार खाली गेली होती. त्यांनी लगेच साखरेचे पाणी घोट घोट पाजले, मग काही खायला दिले आणि पुन्हा साखर तपासली. हळूहळू भाभींच्या डोळ्यांत ओळख आली.

मग हुदाने सगळे सांगितले. तिचे वडील अयूब कुवेतला नोकरीला. हिवाळ्यात भाभींना मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला, घेऊन जायचे त्यांनी ठरवले होते. पण भाभींचे वजन वाढलेले, गुडघे दुखरे. घरापासून बंदरावर मासळी आणायला जातानासुद्धा त्यांना वाटेत बसावे लागे. घरात कोणीतरी सहज म्हणाले, तिकडे चाकांची खुर्ची मिळते, त्यात बसव तिला. ते भाभींच्या मनाला लागले. त्यांनी मोबाईलवरून वजन उतरवण्याच्या पावडरीचा डबा मागवला. सकाळ-संध्याकाळ तीच प्यायची, जेवण बंद. मधुमेहाच्या गोळ्या मात्र रोजच्यासारख्या चालू.

डॉक्टर रागावल्या नाहीत. गोळी साखर खाली आणते, आणि पोटात अन्न नसेल तर ती धोक्याइतकी खाली जाते, हे त्यांनी नीट समजावले.

"मला तिथं खुर्चीतून ढकलत नेलेलं नको, डॉक्टर," भाभी म्हणाल्या. "माझ्या पायांनी चालायचंय मला."

"मग चालाल, भाभी. पण माझ्या नजरेखाली आणि हळूहळू. डबा आजपासून बंद."

मित्रांनो, मी फक्त वजन सांगतो. ते का वाढले, हे मला कळत नाही. डॉक्टरांनी रक्त तपासले तेव्हा भाभींचे थायरॉईडही मंद असल्याचे दिसले. त्यांनी साखरेच्या गोळ्या बदलून दिल्या आणि थायरॉईडची गोळी सुरू केली. भात सोडायला सांगितला नाही. ताटातला भात थोडा कमी करून मासळी, डाळ आणि भाजी वाढवायला सांगितली. तळलेल्या तुकडीऐवजी सार. आधी खुर्चीवर बसूनच करायचे गुडघ्यांचे व्यायाम, मग अंगणात चालणे, मग रस्त्यावर.

भाभी दर पंधरवड्याला येत. बुरखा सावरून माझ्यावर उभ्या राहत आणि नजर समोरच्या भिंतीवर ठेवत. दांडीवरचे वजन हळूहळू डावीकडे सरकू लागले. रमजान जवळ आला तेव्हा त्या आधीच विचारायला आल्या. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा आणि प्रमाण बदलून दिले. साखर उतरली तर रोजा सोडायचा, असे त्यांच्याकडून कबूल करून घेतले. एका दुपारी तशी वेळ आली, आणि भाभींनी डोळे पुसत रोजा सोडला. दिलेला शब्द पाळला. त्यांचे मला तेव्हा फार कौतुक वाटले.

ईदनंतर मात्र वजन हलेना. दोन-तीन खेपा दांडी तिथल्या तिथे. भाभींचा चेहरा उतरला. हुदा हळूच म्हणाली, अम्मी, तो डबा थोडा थोडा घेतला तर? मी लोखंडाचा असूनही मला धस्स झाले. भाभींनीच मान हलवली. मेहनत वाया जाऊ द्यायची नाही, त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी टेपने कंबर मोजली. ती कमी झाली होती. मग त्यांनी भाभींना दवाखान्याच्या पायऱ्या उतरून पुन्हा चढायला सांगितले. भाभी कठड्याला हात न लावता वर आल्या, आणि वर येऊन स्वतःच हसल्या.

हिवाळ्यात त्या उमऱ्याला गेल्या. मी रोज दाराकडे पाहत असे.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाचे वजन जास्त असेल तर त्याला हसू नका, आणि कोणी सांगितलेला डबाही हातात देऊ नका. त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. भाभींबरोबर हुदा येत होती, म्हणून मला हे सांगावेसे वाटते.

परत आल्या तेव्हा भाभींबरोबर सुट्टीवर आलेले अयूबही होते. भाभी माझ्यावर उभ्या राहिल्या. वजन थोडे वाढले होते.

"खजूर खाल्लेत. खोटं कशाला बोलू," भाभी म्हणाल्या.

डॉक्टरांनी विचारले, चालणे कसे झाले? भाभींनी नवऱ्याकडे पाहिले.

"सफा-मरवा टेकड्यांमधल्या फेऱ्यांना हेच मागे राहत होते. मला थांबावं लागलं यांच्यासाठी."

अयूब ओशाळून हसले. भाभी पाटावरून उतरल्या, बाजूला सरकल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्ही चढा."

अयूबनी बूट काढले.