खिडकीकडची कॉट

"मावशी, आमच्याकडे बाई आहे कामाला," दार अर्धवट उघडून मोनाली म्हणाली आणि ते लगेच लावूनही घेऊ लागली.

"मी कामाला न्हाई आले," सुलक्षणा म्हणाली. "कॉट बघायला आले. नवनाथ डायवरनं फोन केला व्हता बगा तुमाला, दौंडवरनं."

मोनालीनं दार पुन्हा उघडलं. समोर पन्नाशीला टेकलेली बाई उभी होती. सुती साडी, पायांत रबरी चपला आणि काखेत रेक्झिनची पिशवी. पिशवीतून कोथिंबिरीची जुडी डोकं वर काढून बघत होती, कारण कुणाच्याही घरी रिकाम्या हातानं जायचं नाही हे सुलक्षणाच्या अंगवळणी पडलेलं होतं.

"मुलीसाठी बघताय का?"

"मला मुलगी न्हाई. माझ्यासाठीच बगतीया."

मोनाली जरा गोंधळली. तिनं घरात घेतलं, खुर्चीवरचे कपडे उचलून बसायला दिलं, पाणी दिलं. फ्लॅट कुणा परदेशात राहणाऱ्या मालकाचा होता आणि त्याची सगळी व्यवस्था मोनालीच बघायची. कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, तेही तीच ठरवायची. पण समोरच्या बाईला नाही म्हणायचं झालं तर कोणत्या तोंडानं म्हणायचं, हे तिला सुचेना. मग ती नुसतीच घर दाखवत सुटली. हा फ्रिज, हे वॉशिंग मशिन, हा गॅस, प्रत्येकीला वेगळं कपाट, गादीसुद्धा आहे, फक्त चादर आणि उशी आपली आणायची.

सुलक्षणा मान हलवत मागून चालली होती. फ्रिज आणि मशिनकडे तिनं फारसं पाहिलं नाही. आतल्या खोलीत दोन कॉट होत्या. दारालगतची शितलची, असं मोनालीनं सांगितलं. शितल नर्स होती, तिची रात्रपाळी चालू होती आणि ती एवढ्यात येणार होती. दुसरी कॉट खिडकीकडे होती. उघडी गादी, भिंतीला टेकवलेला उशाकडचा कठडा आणि खिडकीतून थेट गादीवर पडलेलं ऊन. सुलक्षणानं गादी हातानं दाबून पाहिली. मग तिच्यावर बसली. सकाळपासून तिनं हडपसरमध्ये आणखी दोन घरं पाहिली होती. एका ठिकाणी विचारलं, मिस्टर काय करतात? तिनं खरं ते सांगितलं, की मी नांदत नाही. त्यासरशी रिकामी असलेली कॉट अचानक कुणीतरी घेतलेली निघाली. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, सगळ्यांचा स्वयंपाक करा आणि राहा. ती म्हणाली, स्वयंपाक करायला दवाखान्यानं ठेवलंय मला, झोपायला जागा पाहिजे. ही तिसरी जागा. बसल्या बसल्याच तिनं मनाशी ठरवलं, की ही सोडायची नाही.

"काकू, तसं काही नाही," मोनाली म्हणाली. मावशीची काकू झाली होती. "पण आम्ही दोघी पंचविशीच्या आतबाहेरच्या. उशिरापर्यंत जागतो, गाणी लावतो. तुम्हाला त्रास होईल."

"मला न्हाई व्हायाचा. तुमाला माझा व्हईल का, ते बोला."

मोनाली हसली. "शितलला विचारावं लागेल. खोली तिच्याबरोबर आहे ना तुमची." तेवढ्यात तिच्या ऑफिसचा फोन आला आणि ती आपल्या खोलीत जाऊन दार लावून बोलत बसली.

सुलक्षणा चार वर्षं कवठे येमाईला नांदली आणि मग परत आली. का आली, ते तिनं कुणाला सांगितलं नाही आणि दत्तादादानंही खोदून विचारलं नाही. हा थोरला भाऊ रेल्वेत फिटर होता. त्यानं तिला दौंडला आपल्या क्वार्टरमध्ये आणलं आणि रनिंग रूमच्या ठेकेदाराकडे कामाला लावलं. लांबून गाड्या घेऊन येणारे नवनाथसारखे ड्रायव्हर आणि गार्ड दौंडला उतरतात, ते ज्या इमारतीत चार घास खाऊन डोळा लावतात ती रनिंग रूम. तिथं स्वयंपाक आणि अंथरुणं, दोन्ही सुलक्षणाकडे असायचं. तिथला कायदा एकच. माणूस पलंगावरून उठला की चादर ओढायची, दुसरी घालायची, घोंगडं पायथ्याशी चौकोनी घडीनं ठेवायचं. नागपूरकडचा उठून गेला की सोलापूरकडचा यायचा. पलंग कुणाचाच नसायचा. ड्यूटीवरून आलेल्या माणसाला चुरगळलेलं अंथरूण दिसता कामा नये, एवढं ती जिवापाड सांभाळायची.

आणि तिचं स्वतःचं अंथरूण? ते भावाच्या क्वार्टरमधल्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीखाली. घरातल्यांचं बघून झालं की ती अंथरायची आणि कुणी उठायच्या आत वळकटी करून कपाटामागे सारायची. वहिनी वाईट नव्हती, भाऊ तर देवमाणूस. पण एखाद्या दिवशी ताप आला तरी दिवसा कुठं पडावं, हा प्रश्न तिला पडायचाच. मग ती रनिंग रूमच्या स्वयंपाकघरात गव्हाच्या पोत्याला टेकून बसायची.

यंदा दादा रिटायर झाला. क्वार्टर सोडून तळेगाव ढमढेऱ्याला बांधलेल्या नव्या घरी जायचं ठरलं. रनिंग रूमचा ठेकाही बदलला आणि नव्या ठेकेदारानं आपली माणसं आणली. सुलक्षणानं गुपचूप हडपसरच्या एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात काम मिळवलं, पहाटेच्या पाळीचं. दादाला कळलं तेव्हा त्याचा चेहरा पडला.

"भाव जित्ता आसताना बहीण भाड्याच्या खाटंवर झोपनार व्हय?" तो म्हणाला. "लोक शेन घालतील माझ्या तोंडात. सुले, बाहेरच्या सोप्यात दिवाण करून घेतो तुला. सागवानी. मग तर झालं?"

"आन् दिवसा त्येच्यावर कोन बसंल, दादा?"

"आता दिवाण म्हनल्यावर समदीच बसत्याल की. पावनंरावळं, पोराचे दोस्त."

"मग न्हाई," सुलक्षणा म्हणाली.

दादाला त्यात काय चुकलं ते कळलं नाही, आणि तिलाही ते फोडून सांगता आलं नाही.

मोनालीचा फोन काही संपेना. सुलक्षणा खिडकीकडच्या कॉटवर बसून समोरची कॉट बघत होती. चादर गोळा झालेली, उशी तिरकी, पांघरूण खाली लोंबणारं, त्यातच चार्जरची वायर आणि बिस्किटाचा पुडा. बिचारी पोरगी रात्रभर उभी राहून येणार आणि ह्या असल्या राड्यात पडणार. सुलक्षणाचे हात वळवळायला लागले. आपण इथं पाहुणी आहोत, अजून पसंतही झालेलो नाही, हे तिला समजत होतं. पण हातांना कोण समजावणार? तिनं चादर ओढली. उशी झटकून सरळ ठेवली. कॉटच्या खालच्या खोक्यात धुतलेली चादर सापडली, ती अशी ताणून घातली की एक सुरकुती दिसू नये. पांघरुणाची चौकोनी घडी पायथ्याशी. बिस्किटाचा पुडा खिडकीत. जुनी चादर बाथरूममध्ये नेऊन बादलीत भिजवली, साबण लावला. आणि येऊन परत आपल्या जागी बसली, खुशीत.

लॅच उघडल्याचा आवाज झाला. शितल खोलीत आली. डोळे लाल, खांद्यावर बॅग. आपल्या कॉटकडे बघून ती जागच्या जागी थांबली.

"हे कुणी केलं?"

"म्या केलं," सुलक्षणा उठून म्हणाली. "रातभर ड्यूटी करून आलीयास, म्हनलं पडल्या पडल्या डोळा लागावा."

"माझी चादर कुठाय?"

"भिजवली."

शितलनं बॅग खाली टाकली. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं? तुम्ही कोण आहात? ह्या घरातलं काहीही माझं नाही. फ्रिज मालकाचा, कपाट मालकाचं, गादीसुद्धा मालकाची. तेवढी चादरच काय ती माझी होती. मी ती चुरगळून जाते, कारण आल्यावर मला ती तशीच पाहिजे असते. मी गेले होते तशीच." बोलता बोलता तिचा आवाज फुटला. मोनाली फोन टाकून धावत आली. तिच्याकडे वळून शितल म्हणाली, "मोना, मला नाही जमणार."

"चुकलं माझं," सुलक्षणा म्हणाली. कोथिंबिरीची जुडी तिनं ओट्यावर ठेवली, पिशवी उचलली आणि जिना उतरून खाली आली.

पार्किंगच्या कट्ट्यावर ती बसली. तेवढ्यात दादाचा फोन आला.

"जमलं का गं?"

"न्हाई जमलं."

दादाला बरं वाटलं असावं, पण ते त्यानं आवाजात येऊ दिलं नाही. "मग ये माघारी. आगं, सुतार आलाय दिवाणाचं माप घ्यायाला. किती लांब करू म्हनतोय."

सुलक्षणानं डोळे मिटले. तिला तो दिवाण दिसला. सागवानी, नवा, त्यावर फुलाफुलांची चादर, आणि चादरीवर पाहुण्यांच्या बुडाच्या खुणा. ती संध्याकाळी त्या खुणा हातानं सपाट करते आहे, मग झोपते आहे, आणि पहाटे पुन्हा सपाट करते आहे. तिला एकदम रडू आलं आणि तितक्याच एकदम ते थांबलंही. वरच्या पोरीनं जे तोंडावर फेकलं होतं, ते सुलक्षणाच्याही पोटात किती वर्षं होतं. तिला बोलता आलं नव्हतं, त्या पोरीला आलं, एवढाच फरक. आणि जे आपल्याला हवं म्हणून आपण एवढ्या लांब आलो, तेच आपण तिचं हिसकावलं होतं.

"दादा, त्येला माघारी लाव," ती म्हणाली. "सुताराला. दिवाण नगं."

ती पुन्हा जिना चढली. दार शितलनंच उघडलं. केस ओले होते, झोपलेली नव्हती.

"काही विसरलं का?"

"येक बोलायचं ऱ्हायलं." सुलक्षणा उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. "तू म्हनलीस ते खरं हाय. माझा सारा जलम दुसऱ्याच्या चादरी घालन्यात गेला. माझी म्हनायला येक न्हाई. भावाच्या घरी वळकटी हाय, ती बी कुनाला दिसंल आशी ठिवायची न्हाई. म्हनून तर आले हितं. तुझ्या खाटंला हात लावला ती माझी खोड हाय, मोडीन मी. पर ती खिडकीकडची कॉट मला पायजेल. दुसरीकडं बगायचं न्हाई मला."

आत मोनाली स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती, हातात कोथिंबिरीची जुडी.

"माझ्या कॉटला हात लावायचा नाही," शितल म्हणाली. "महिनाभर चादर धुतली नाही तरी."

"न्हाई लावनार. आन् तू बी माझ्या कॉटला लावायचा न्हाई."

शितलला हसू आलं. "मी कशाला लावू?"

"तसं न्हवं. पयल्यांदाच बोललेलं बरं आसतं," सुलक्षणा म्हणाली. ती हसली नाही.

पुढच्या रविवारी दादा सामान घेऊन आला. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि ती वळकटी. मोनालीनं त्याला आत येऊ दिलं. शितलची आता दिवसपाळी होती, ती ड्यूटीवर गेली होती आणि तिची चादर गोळा होऊन पडलेली होती. दादानं पेटी कॉटखाली सरकवली आणि तो खोलीभर बघत राहिला. सुलक्षणानं सकाळीच बाजारातून नवी चादर आणून घातली होती, निळी, बारीक चौकड्यांची. खोलीत खुर्ची नव्हती. दादा प्रवासानं दमला होता, गुडघे धरून उभा होता.

"सुले," तो म्हणाला, "हितं बसू का?"

त्याच्या घरात सुलक्षणा इतकी वर्षं राहिली, पण असं विचारायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

"बस की, दादा."

तो कडेला अवघडून बसला. तिनं केलेला चहा प्याला. दिवाणाबद्दल काही बोलला नाही, फक्त निघताना म्हणाला, "ऊन चांगलं येतंय गं." दौंडच्या गाडीची वेळ झाली होती. ती जिन्यापर्यंत गेली, तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत उभी राहिली आणि डोळे पुसून आत आली.

कॉटच्या कडेला चादर चुरगळली होती, दादा बसला होता तिथं. सवयीनं तिचा हात ती सारखी करायला पुढे गेला. मग तिनं तो मागे घेतला. चादर तशीच राहू दिली आणि ती जागा सोडून, भिंतीच्या बाजूला, भर दुपारी आडवी झाली.