धुतल्या चाकांनी खळ्यावर

ही हकिगत दोन हजार बावीस सालची. दिवाळी होऊन गेली होती, भात कापून शेतात पेंढ्या बांधलेल्या होत्या आणि मला भंगारात घालायचे ठरत आले होते.

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. जुनी म्हणा, मला राग नाही. भंगार म्हणू नका.

विंझरच्या वर डोंगराला चिकटून एक वाडी आहे. तिथल्या गेनबाने मला आणले. वाडीत चढून आलेले पहिले चारचाकी वाहन मीच. बायकांनी ओवाळले, पोरांनी माझ्या आरशात तोंडे वेडावून पाहिली. पुढे कितीतरी वर्षे मी वेल्ह्याच्या बाजाराला माणसे नेली, टपावर कोंबड्यांची खुराडी नेली, नवऱ्या नेल्या, अडलेल्या बायका दवाखान्यात पोचवल्या. गेनबा सगळ्यांना सांगायचा, "बैल बसल, पन ही बसायची न्हाई."

गेनबा गेला आणि माझे दिवस फिरले. त्याच्या धाकट्या मुलाला, सोमनाथला, टेम्पो हवा होता. मी अंगणात उभी राहिले. माझ्या सीटखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या.

त्या कोंबड्या हाकलल्या रत्नाने. ती घरची थोरली सून. तिचा नवरा कुमार वरव्याजवळच्या एका कंपनीत कामाला, आठवड्याने घरी येणारा. रत्ना माझ्यावरच गाडी शिकली आणि लायसन काढून आली. मग वाडीतल्या बायका दूध आणि भाजी घेऊन तिच्याबरोबर विंझरला उतरू लागल्या. कोणाच्या दारात जाऊन 'दाजी, येता का' म्हणायचे कारण उरले नाही.

एकदा वाडीतला बंडू देवळाच्या पायरीवरून ओरडला, "बाया गाडी हाकाय लागल्या, आता बाप्यांनी काय भाकरी थापायच्या?"

रत्नाने गाडी थांबवली. "थापा की. पीठ मळाय येतंय का आधी?"

असे आमचे चालले होते. मग माझा दुसरा गिअर दात खाऊ लागला. चढणीवर घरघर व्हायची आणि मध्येच गिअर सुटायचा. सोमनाथने लगेच मानसिंग भंगारवाल्याला निरोप धाडला.

"वैनी, हिची हाडं वाजाय लागली. देऊन टाकू," तो म्हणाला.

"म्हातारं मानूस खोकलं म्हनून कुनी तिरडी बांधत न्हाई, भावजी."

उंबऱ्यात बसलेली चंद्राबाई, गेनबाची बायको, सुपातून मान वर करून म्हणाली, "माझ्याकडं बगून बोलताय व्हय दोघं?"

मी चंद्राबाईच्या नावावर होते. न्याय तिनेच केला. "रविवारी मानसिंग येतोय. त्याच्या देखत खालच्या खाचरातनं पेंढ्या भरून न थांबता वर आली, तर ऱ्हाईल. मधी थांबली तर गेली. मग कुनी तोंड उघडायचं न्हाई."

मी गेले असते तर टेम्पो आला असता, आणि टेम्पोची किल्ली सोमनाथच्या खिशात राहिली असती. रत्ना पुन्हा रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन उभी राहिली असती. हे तिलाही कळत होते, मलाही.

तिने मोबाईलवर एका मेकॅनिकचा व्हिडिओ बघितला आणि ठरवले की गिअरबॉक्सचे तेल घरीच बदलायचे. मला विंझरपर्यंत फिरवून आणले, कारण गरम तेल चांगले उतरते. मग पोते अंथरून ती माझ्या पोटाखाली शिरली. आधी तिने वरचा, तेल भरायचा बोल्ट सैल केला. तो निघतो याची खात्री केल्याशिवाय खालचा उघडायचा नसतो, नाहीतर पोट रिकामे होते आणि भरायला तोंड राहत नाही. खालून काळे, जळका वास येणारे तेल आले. त्यात पितळेचा चुरा चमकत होता. ती माझी झीज होती. रत्नाने बोल्ट पुसून परत बसवला, नळी आणि नरसाळे लावून नवे तेल भरले. वरच्या भोकातून ओघळ आला तशी थांबली.

"पोट भरलं," ती म्हणाली.

भरले नव्हते. मी ओरडून सांगितले असते, पण आम्हाला ओरडायला भोंगा, आणि तो रत्नाच्या हातात.

करून बघायला नेले, तेव्हा चढणीवर मी पुन्हा घरघरले. निम्म्यात गिअर सुटला. सोमनाथ चाकाला दगड लावायला आला. "वैनी, तेलात भजी तळली असती तर घर तरी जेवलं असतं."

दुसऱ्या दिवशी घमेले घासूनपुसून रत्ना पुन्हा माझ्याखाली आली. आत तेल आहे तरी किती, हे तिला बघायचे होते. नवे तेल घमेल्यात उतरले आणि ती बघतच राहिली. घमेल्याची एक कड तेलाने भरून सांडायला आलेली, समोरची कड कोरडी. घमेले कलते होते, तशीच मीही.

आमच्या वाडीत गाडी नेहमी तोंड उताराला करून लावतात. बॅटरी दगा देते, मग दगड काढला की गाडी घरंगळत सुरू होते. गेनबाही तसाच लावायचा आणि तिथेच तेल भरायचा. तेल पुढे गोळा व्हायचे, पुढच्या बाजूच्या भोकातून लवकर सांडायचे, आणि मागचे दात कोरडे राहायचे. वर्षानुवर्षे मी अर्धपोटी डोंगर चढले होते. 'गाडी सपाट जागेवर लावा' हे त्या व्हिडिओतल्या मेकॅनिकने सुरुवातीलाच सांगितले होते. पण डोंगरात असले वाक्य कोण मनावर घेतो?

सपाट जागा एकच होती. खळे. मळणीसाठी चोपून, शेणाने सारवून नुकतेच तयार केलेले. त्यावर चपला घालून सोमनाथसुद्धा जात नसे.

"आत्याबाई, गाडी खळ्यावर घ्यायची हाय."

"डोकं फिरलं का गं? रास पडायची हाय तितं. लक्षुमीच्या जागंवर काळं तेल?"

"डाग पडला तर सगळं खळं येकटी सारवीन. पन चुकीच्या मापानं हिला मारू नगा."

चंद्राबाईने सूप बाजूला ठेवले. मग उठली. "मंग तिला चपला काढाय सांग."

रत्नाला कळेना. म्हातारीने पाण्याची बादली माझ्या पुढच्या चाकावर ओतली. "बगती काय? पाय धू तिचं. चिखलाच्या पायानं खळ्यावर कुनी जातं का?"

माझी चारही चाके घासून धुतली गेली. पोट रिकामे, म्हणून मला चालवता येत नव्हते. रोज माझ्यातून जाणाऱ्या बायकांनी पदर खोचले आणि मला ढकलत खळ्यावर नेले. तिथे तेल जाऊ लागले ते जातच राहिले. आणखी डबा आणावा लागला. शेवटी ओघळ आला आणि एक थेंब पोत्याबाहेर खळ्यावर पडला. चंद्राबाईने पाहिला. शेणाचा बोळा घेऊन तिने तो स्वतःच्या हाताने सारवला.

रविवारी मानसिंग साखळदंड घेऊन वर उभा होता. खाली खाचरात माझ्यावर पेंढ्या रचल्या. सोमनाथने मुद्दाम चार जास्त टाकल्या.

"अजून टाका, भावजी. तुमी बी बसा वर," रत्ना म्हणाली.

आणि तो खरेच बसला. मित्रांनो, मी त्या चढणीला दुसऱ्या गिअरमध्ये लागले आणि दुसऱ्यातच वर आले. दात घासले थोडे. झिजलेले दात तेलाने उगवत नाहीत. पण सुटले नाहीत. मानसिंगसमोर रत्नाने ब्रेक लावला नाही. त्यालाच बाजूला व्हावे लागले.

चंद्राबाई त्याला म्हणाली, "चा पिऊन जा."

आता चंद्राबाई नाही. जाण्याआधी तिने मला रत्नाच्या नावावर केले. सोमनाथने टेम्पो घेतला, भोरला विटा वाहतो; तेल बदलायचे झाले की वहिनीला बोलावतो. कुमार सुट्टीला येतो तेव्हा माझ्यात शेजारी बसून 'क्लच, क्लच' करतो. रत्ना ऐकत नाही. बंडूची बायको दुधाची किटली घेऊन पुढच्या सीटवर बसते. मानसिंग अजून या रस्त्याने फिरतो, माझ्याकडे बघतो आणि पुढे जातो.

आणि मी रोज उतरते, रोज चढते. मला कीव नको, हार नको. कोणी थकले, कुरकुरले, की टाकून देण्याआधी एकदा गुडघे टेकून त्याच्याखाली वाका आणि त्याला काय कमी पडले ते बघा. तेवढेही करायचे नसेल, तर वाटेतून बाजूला व्हा. मला वर जायचे आहे.