डोक्यावरची कमान

ट्रॅक्टरच्या दुकानासमोर, चारचौघांच्या देखत, थोरल्यानं धाकट्याच्या कानाखाली असा काही आवाज काढला की आतला कारकून हातातला चहा टाकून बाहेर धावला.

"बोल! पुन्हा बोल, मोठा नको म्हणून!"

"शंभरदा बोलेन!" धाकट्याच्या ओठातून रक्त आलं होतं, पण गडी मागे हटेना. "हे धूड लिंबाच्या दोन ओळींत शिरणार कसं? आणि मागे रोटाव्हेटर जोडल्यावर वळवणार कुठे, तुझ्या छाताडावर?"

थोरल्यानं त्याची गचांडी धरली. धाकट्यानं गुडघा घातला. दोघं धडपडत मांडून ठेवलेल्या कोऱ्या नांगरांवर आदळले, आणि मग मात्र अक्का मधे शिरली. पायातली वहाण काढून तिनं दोघांनाही सपासप झोडपलं. थोरल्याच्या मिशा पिकायला लागल्या होत्या, धाकट्याला स्वतःची लेकरं होती. पण आई गेल्यापासून या दोघांची नाकं थोरल्या बहिणीनंच पुसली होती, आणि वहाण उचलायचा हक्क तिनं अजून सोडला नव्हता.

"झालं समाधान? का अजून लोकांना तमाशा दाखवायचाय?" मग ती विक्रेत्याकडे वळली. "तो बुटका दाखवा. रुंद चाकांचा. आमचं रान उताराचं आहे, उंच ट्रॅक्टर तिथे डोलतो. रोटाव्हेटर, दोन फाळांचा नांगर आणि फवारणीची टाकी एवढं ओढलं की आम्हाला बास."

"चांगला निवडलात अक्का. डोक्यावर लोखंडी कमानसुद्धा आहे. पट्टा बांधून बसायचं. ट्रॅक्टर उलटला तरी माणूस खाली चिरडला जात नाही. हवी तर दुमडणारी कमान देतो, झाडाखालून जाताना मागे पाडायची."

"नको. एकदा पाडली की आमच्याकडे कोणी ती परत उभी करत नाही. पक्कीच द्या."

दोघा भावांनी माना खाली घातल्या. का ते सांगायला हवं.

त्यांच्या गावात नवा ट्रॅक्टर आला की शेतात जायच्या आधी वेल्डरकडे जायचा. बागा जुन्या, झाडं दाटीची, फांद्या अंगावर आलेल्या. कमान फांद्यांत अडकायची आणि फळांसकट फांदी ओरबाडून काढायची. म्हणून कमानच कापून टाकायची, असा सगळ्या गावाचा शिरस्ता. वेल्डरच्या दुकानामागे कमानींचा ढीग होता. कोणी त्यांचे मांडव केले, कोणी कुंपणं केली. यांच्या बापानं शेळ्यांच्या गोठ्याला फाटक केलं होतं.

आणि तीन पावसाळ्यांमागे वरच्या उतारावर त्याचा ट्रॅक्टर उलटला. भाऊ दोघं बाजारात. अक्का एकटी. मडगार्डखालून बापाला काढायला तिनं हातांनी माती उकरली, नखं निघाली तरी उकरत राहिली. बाप आधी तिच्याशी बोलत होता. मग बोलेनासा झाला. तेव्हापासून रोज सकाळी शेळ्या सोडताना तेच फाटक तिला स्वतःच्या हातानं उघडावं लागत होतं.

बुटका ट्रॅक्टर घरी आला. थोरला दोन दिवस फुगून बसला, पण स्टिअरिंगचा मोह काही सुटेना. तिसऱ्या दिवशी माती भुसभुशीत करायला रोटाव्हेटर जोडून तो वरच्या ओळीत शिरला. चार झाडं गेला नाही तोवर कमान अडकली, भलीमोठी फांदी कडाडून मोडली आणि काट्यांसकट त्याच्या तोंडावर आली. कान फाटला. भुईवर लिंबांचा सडा पडला. रक्त पुसत, शिव्या घालत तो तडक गावात गेला आणि वेल्डरला गॅसच्या टाकीसकट घेऊन आला.

अक्का बागेलगतच्या गोठ्यात चारा टाकत होती. वेल्डरची हातगाडी बघून तिच्या हातातली पेंढी गळाली.

"कमानीला हात लावायचा नाही!"

"तू मधे पडू नकोस अक्का. बापानं पोटच्या पोरांसारखी वाढवलेली झाडं आहेत ही. सगळी मोडून टाकू?"

"बापाची कमान कुठे आहे ते बघ जरा गोठ्याकडे."

"बाप ब्रेकमुळे गेला! किती वेळा सांगू?" थोरल्यानं तिला ढकललं. ती मागच्या चाकावर जाऊन आपटली, कपाळ फुटलं.

धाकट्यानं ते बघितलं आणि त्याचं भान सुटलं. मोठा पाना उचलून त्यानं थोरल्याच्या खांद्यात हाणला. थोरला बैलासारखा हंबरला आणि त्याच्यावर तुटून पडला. चिखलात, लिंबांत दोघं एकमेकांचे गळे आवळत लोळत होते. वेल्डर बिचारा "अहो मालक, अहो मालक" करत भोवती नुसता नाचत होता.

अक्का उठली. गोठ्यात गेली आणि कुऱ्हाड घेऊन आली. डोळ्यांत कपाळाचं रक्त, हातात धार लावलेलं पातं. वेल्डरनं टाकी तिथेच सोडून धूम ठोकली, तो थेट बांधावर जाऊन थांबला.

पण अक्का भावांना ओलांडून गेली. तिनं ओळीतल्या पहिल्या लिंबाच्या बुंध्यात घाव घातला.

थोरला ताडकन उठला. "अक्का! वेड लागलं का तुला? बापाचं झाड आहे ते!"

तो धावत आला तशी तिनं कुऱ्हाड त्याच्यावर उगारली.

"ये पुढे! आधी तुझे पाय तोडते, मग झाड तोडते. पाय नसलेला भाऊ मला चालेल. पाठीवर घेऊन हिंडेन. मेलेला नको मला!" तिला धाप लागली होती. "या फांद्या वाचवायला बापानं कमान कापली. तूही काप. आणि मी काय करू? पुन्हा माती उकरू? ही बघ, ही बघ नखं! अजून धड आली नाहीत रे!"

तिनं डावा हात त्याच्या तोंडासमोर धरला. बोटांच्या टोकांना वेडीवाकडी, जाड नखं. तीन वर्षं तिच्या हातचं जेवून थोरल्यानं ती कधी बघितली नव्हती.

ती वळली आणि पुन्हा घाव घालू लागली. झाड पडेपर्यंत ती थांबली नाही.

मग थोरला पुढे झाला. दुखऱ्या खांद्यानं त्यानं तिच्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली. तिनं घेऊ दिली. त्यानं दुसऱ्या झाडावर घाव घातला, आणि प्रत्येक घावाला तो लहान पोरासारखा हमसून रडत होता. धाकटा तोंडातलं रक्त थुंकून करवत आणायला गेला. संध्याकाळपर्यंत दोघांनी एकाआड एक ओळ आडवी केली, कमान न अडकता जाईल अशी.

वेल्डर घाबरत घाबरत जवळ आला. "अक्का, मग माझं काय काम?"

"ते फाटक काप. आणि ने तुझ्या ढिगात."

"अहो, शेळ्या मोकळ्या सुटतील."

"सुटू देत."

फाटक निघालं तशा शेळ्या बाहेर पडल्या आणि पडलेल्या झाडांवर तुटून पडल्या. बापाची बाग त्यांनी त्या दिवशी पोटभर खाल्ली. अक्का ट्रॅक्टरच्या पायरीवर बसून बघत राहिली, एका हातानं कमान घट्ट धरून.